मिरजेला गेलेला माणूस

आमच्या बोरखडीत काम सांगितलं की एखादा हळूच सटकायला लागला, तर त्याला विचारतात, "का रं, मिरजंला निगालास व्हय?" बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. आमच्या घरात मात्र हे वाक्य ऐकलं की भांडण ठरलेलं. कारण तो मिरजेला गेलेला माणूस आमचा. माझ्या पणजोबांचे वडील, राघू.

गाव सांगतं ते असं. राघूचं लग्न झालं आणि त्याच साली तो बाजाराला म्हणून मिरजेला गेला. परत आलाच नाही. तिथं त्यानं दुसरं घर केलं. आणि इकडे त्याची बायको भागू हिला मुलगा झाला, तो नंतर. एवढं सांगून गाव थांबतं आणि हसतं. त्या मुलाचे आम्ही वंशज. भावकीत आमचं आडनाव कुणी घेत नाही, आम्हाला 'मिरजकर' म्हणतात.

मी लहान असताना यात्रेला वडील नैवेद्याचं ताट घेऊन मूळपुरुषाच्या ठाण्याशी गेले होते. भावकीतल्या एकानं दारात हात आडवा घातला. "मिरजकरांनी भायेरनंच ठेवा." वडिलांनी ताट बाहेर ठेवलं. मी बघत होतो. ते ताट कुत्र्यानं खाल्लं. त्याच वर्षी वडील आम्हाला घेऊन गलाईच्या धंद्यासाठी तमिळ मुलखात गेले. गलाई म्हणजे सराफाच्या दुकानातलं जुनं सोनं-चांदी, अगदी केरातली मातीसुद्धा, गाळून चोख धातू काढणं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं या धंद्यावर देशभर पसरलीत. मी भट्टीपुढे फुंकणी मारत मोठा झालो आणि आज कोइम्बतूरच्या बाजारात माझ्या शब्दावर सोन्याचा कस ठरतो. पण बोरखडीत मी मिरजकरच.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला सुभेदार नानांचा फोन आला. नाना भावकीतले वडीलधारे, फौजेतून निवृत्त झालेले. मूळपुरुषाचं नवं देऊळ झालं होतं आणि समोर काळ्या शिळेवर सगळ्या भावकीची वंशावळ कोरायची होती.

"सोमवारी पलूसला अक्षरं कोरायला घेत्यात," नाना म्हणाले. "तुमची फांदी घेता येत न्हाई, जालंदर. बैठकीत ठरलंय."

"वर्गणी घेतली तेव्हा मी भावकीत होतो, नाना."

"वर्गनी देवाची. वंशावळ रक्ताची. पुरावा आसंल तर घिऊन ये. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

मी फोन आपटला आणि त्याच रात्री गाडी धरली.

मिरज

पहिली चूक मी केली ती मिरजेला उतरण्याची. वाटलं, राघूनं तिथं दुसरं घर केलं असेल तर त्याची माणसं असतील, त्यांच्या घरी काही कागद असेल. रागात माणूस हुशारी विसरतो.

मिरजेत सतारींची दुकानं असलेल्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ भोपळ्याला पॉलिश करत बसले होते. मी त्यांना विचारलं की बोरखडीहून आलेल्या राघूची वस्ती कुठं असेल.

"कवा आलेला?"

"माझ्या पणजोबांच्या लहानपणी."

त्यांनी हातातला बोळा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "आवं, मिरजंत परगावचा मानूस येतोय ते एक तर गान्याला, न्हाई तर दवाखान्याला. तुमचं आजोबा गात हुते काय?"

"नाही."

"मंग दवाखान्यात बघा."

शेजारचे दोघे हसले. मी तिथं आवाज चढवला, हे मान्य करतो. म्हाताऱ्यांनी शांतपणे चहा मागवला. कोइम्बतूरला कापी, म्हणजे तिकडची कॉफी, कडक आणि कडवट असते. इथला चहा म्हणजे साखरेचा पाक, वर गवती चहा. दोन घोट घेतल्यावर मी बसलो. तेव्हा ते म्हणाले ते कामाचं होतं. "आमची मिरज तवा संस्थानात. तुमचं गाव इंग्रजाच्या मुलखात. तुमच्या आजोबाची जमीन कुनाच्या दप्तरात हाय, ते आदी हुडका. मानूस पळतंय. जमीन कुटं पळती?"

सोन्याच्या धंद्यात म्हणतात, आधी दगडावर घास, मग भाव बोल. मी घासायच्या आधीच भाव करत सुटलो होतो.

कोइम्बतूरला माझी मुलगी तेजू कॉलेजच्या ग्रंथालयात असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, सांगली जिल्हा फार नंतरचा. इंग्रजांच्या वेळी आपला खानापूर तालुका सातारा जिल्ह्यात होता. जुन्या मोजणीचे कागद साताऱ्याला असतील. आणि तिथं कुणाशी भांडू नका."

सातारा

साताऱ्याची बस कऱ्हाडपर्यंत उसातून जाते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी. आमच्या पूर्वेकडच्या माळावरून आलेल्या माणसाला कृष्णाकाठचं हे हिरवेपण नेहमीच थोडं डोळ्यात खुपतं. एकाच नदीचं नाव घेणारे दोन मुलूख, एकाला पाणी आणि दुसऱ्याला पाण्याच्या गोष्टी. आता कालवे आले, आमच्याकडेही द्राक्षं झाली, पण डोळ्याची सवय जात नाही.

अभिलेखांच्या खोलीत पहिल्याच टेबलावर मी म्हणालो, "सांगली जिल्ह्यातलं गाव आहे."

"मग सांगलीला जावा की," टेबलामागचा कारकून म्हणाला.

मी तेजूनं शिकवलेलं तावातावानं म्हणून दाखवलं. तो हसला. "आवं, मला म्हाईत हाय. तुमालाच म्हाईत हाय का बघत हुतो. अर्ज लिवा."

कागद निघायला दोन दिवस गेले. निघाले ते पिवळे, कडा कुरतडलेले, पण कापडात नीट बांधलेले. पहिल्या मोजणीचा गावनकाशा, त्यात प्रत्येक शेताचा आकार हातानं काढलेला, ओढा निळ्या शाईत. त्यानंतर काही वर्षांनी केलेल्या तपासणीचं पत्रक, त्यात शेत कुणाच्या नावावर, वहिवाट कुणाची, आणि शेवटी शेरा. सगळं मोडीत. मला एक अक्षर लागेना. ओढा मात्र ओळखला. त्याच्या वाकणात आमचं शेत अजून आहे, तस्सं, कोयत्याच्या आकाराचं. इतक्या वर्षांत त्या वाकणानं कुणाला टोमणा मारला नव्हता.

मोडी वाचून देणाऱ्या गोडबोलेबाई शनिवार पेठेत राहतात. निवृत्त शिक्षिका, डोळ्यांवर जाड चष्मा, जिभेवर धार. त्यांनी पानावर दर सांगितला. मी म्हणालो, मला एका ओळीशी काम आहे, ओळीवर सांगा.

"मग शब्दावरच सांगते ना," बाई म्हणाल्या. "आणि मध्ये बोललात तर प्रत्येक बोलण्याचा वेगळा."

मी गप्प बसलो. माझ्यासारख्याला गप्प बसवायला हे पुरे होतं. बाईंनी कागदांच्या छायाप्रतीवर भिंग धरलं आणि बोट फिरवत वाचायला लागल्या.

"राघू बिन येसू. बिन म्हणजे मुलगा. येसूचा मुलगा राघू. वहिवाट, बायको भागू. मुलगा बाबाजी, अज्ञान म्हणजे लहान, वय सात. पालन करणार आई." मग त्या थांबल्या. "शेरा. धनी मिरिच बेटास गेला."

"मिरजेस," मी म्हणालो.

"हे एक बोलणं झालं. मिरिच."

"बाई, आमच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मिरजेला गेला."

"तुमच्या गावाला असेल. कागदाला नाही. आणि पुढं 'बेटास' आहे, त्याचं काय करू? मिरजेला बेट आहे का?"

मीही सोडणारा नव्हतो. "कृष्णेत आहेत की बेटं. बहे गावाजवळ आहे. म्हैसाळच्या बाजूला कुठं असेल."

बाईंनी भिंग ठेवलं. "अहो, नदीतल्या बेटावर गेलेला माणूस पाणी उतरलं की घरी येतो. मिरिच म्हणजे मॉरिशस. जुनी माणसं तसंच म्हणायची. आपल्या भागातून कितीतरी लोक करारावर तिकडे उसाच्या कामाला गेले. मुंबईहून जहाजानं."

लगेच मी हिशेब मांडला. मुलाचं वय सात हे कागदानं सांगितलं, पण राघू गेला कधी हे सांगितलं नव्हतं. तो आठ वर्षांपूर्वी गेला असेल, तर गाव खरं आणि मी खोटा. दोन वर्षांपूर्वी गेला असेल, तर उलट. सोमवार चार दिवसांवर होता. आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला भीती वाटली. इतकी वर्षं मी पुरावा मागत होतो, तो आपल्याच विरुद्ध निघेल असं कधी मनात आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "तिकडे प्रत्येक माणसाची नोंद आहे. नाव, बापाचं नाव, गाव, आल्याची तारीख. मागवा." आणि शेवटी, "पैसे एका ओळीचे द्या. बोलण्याचे सोडले."

तेजूनं तिकडच्या मराठी मंडळातल्या सुनीताबाईंना गाठलं. या बाई अशा नोंदी शोधून देतात. मी राजवाड्याजवळच्या लॉजवर दोन दिवस पडून होतो. कंदी पेढे घेतले, ते बेचव लागले. अजिंक्यतारा चढायला गेलो, निम्म्यातून परत आलो. लॉजच्या मालकाशी गरम पाण्यावरून भांडलो, आणि पाणी गरमच होतं.

सुनीताबाईंचा पहिला निरोप आला, तो वाईट होता. बोरखडी नावाचं गावच त्यांच्या यादीत नव्हतं. तेजूनं फोनवर विचारलं, "बाबा, बोरखडी इंग्रज कारकुनाला कसं ऐकू आलं असेल?" आम्ही बापलेक फोनवर बोरखडी, बोरखडी असं वेड्यासारखं म्हणत राहिलो. मी तर तोंडात पेढा धरून म्हणून बघितलं. शेवटी ती म्हणाली, 'ड' त्यांना जमत नाही, 'र' करतात. तसं शोधा म्हणून तिनं कळवलं.

शनिवारी दुपारी सुनीताबाईंनी स्वतः फोन केला. त्यांचं मराठी वेगळंच होतं, कोकणी हेल आणि मध्येच एखादा परका शब्द, पण प्रेमळ. "सापडला दादा! बोरकरी लिवला हाय. जिल्हा सातारा. राघू, बापाचा नाव येसू."

"तारीख सांगा, बाई. आधी तारीख."

त्यांनी सांगितली. मी ती साताऱ्याच्या कागदावरच्या सालाशी ताडून पाहिली. पुन्हा पाहिली. राघू गेला त्याला त्या वेळी दोनच वर्षं झाली होती. मुलगा सात वर्षांचा. बाप निघाला तेव्हा पोर पाच वर्षांचं होतं. अंगणात धावणारं, बोलणारं पोर. बापाला जाताना त्यानं पाहिलं असेल.

"दादा, अजून एक रकाना हाय," सुनीताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला. "करार पुरा नाय केला त्यांनी. तापानं गेले. तिसऱ्या वर्षी."

मी लॉजच्या खाटेवर बसलो. जो माणूस उसाच्या मळ्यात परक्या मातीत गेला, त्याला आम्ही इथं मिरजेत दुसऱ्या घरी जेवायला बसवला होता, आणि तेही इतकी वर्षं.

बोरखडी

विट्याहून बोरखडीला जाताना पवनचक्क्या लागतात. खाली बंगले, मोठे, रंगीत, बहुतेक कुलूपबंद. गलाईवाल्यांचे. यात्रा किंवा लग्न असलं की उघडतात. त्या रविवारी देवळापुढे केरळच्या, आंध्राच्या, ओडिशाच्या नंबरांच्या गाड्या उभ्या होत्या. कारण भावकी जमली होती. जेवण मंडपातच. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं. कोइम्बतूरला रोज सांबार खाणाऱ्या माझ्या पोटाला ते माडगं ओळखीचं वाटलं आणि मला स्वतःचाच राग आला. भांडायला आलेल्यानं इतक्या चवीनं जेवू नये.

"या मिरजकर," नाना म्हणाले. पांढरी मिशी, ताठ पाठ. "आनला का पुरावा?"

मी तिन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. साताऱ्याची प्रत, बाईंचं वाचन, सुनीताबाईंनी फोनवर पाठवलेल्या मॉरिशसच्या नोंदीची छापील प्रत. सगळं सांगितलं. मिरज नव्हे, मिरिच. पाच वर्षांचं पोर.

मंडपात कुजबुज झाली. भावकीतला एक पुढारी म्हणाला, "फोनात काय बी निगतंय, नाना. उद्या ह्यो लंडनला गेला म्हनंल."

"तुज्या फोनात निगतंय का बघ की," मी म्हणालो. "तुझा आजा कुठं गेला होता ते."

"ए, गप बसा दोगंबी!" नानांनी चष्मा चढवला होता आणि मॉरिशसच्या कागदाकडे पाहत होते. वाचता सगळं येत नव्हतं, पण ते रकाने बघत होते. "ह्ये काय लिवलंय?"

"उंची."

"आन ह्ये?"

"ओळखीची खूण. डाव्या कानाची पाळी तुटलेली."

"बापाचं नाव. गाव. जिल्हा. आन ह्यो नंबर." नानांचं बोट त्या आकड्यावर थांबलं. "अरं, ही तर भरतीची शीट हाय."

नानांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"माजी बी आशीच भरली हुती. छाती फुगवून हुबा केला, टेप लावला, खूण इचारली. मी म्हनलं, गुडघ्यावर जखमंचा वन. त्यो लिवला. नंबर दिला. तवापासनं मी गेलो तितं माज्या आदी नंबर गेलाय." त्यांनी चष्मा काढला. "नंबर पडलेला मानूस खोटा नसतोय. कोन उगंच कुनाचा कान तुटका लिवंल? आन ह्या शेवटच्या रकान्यात काय?"

"मयत," मी म्हणालो.

नानांनी कागद जपून घडी केला, दिला नाही, हातातच ठेवला. "मंग यील कसा त्यो," ते म्हणाले. मग मंडपाकडे वळून, फौजी आवाजात, "ह्येची फांदी घ्याची. बात खतम."

माझ्याजवळ भांडणाची बरीच तयारी शिल्लक होती. ती तशीच राहिली.

आम्ही मिळून ओळ ठरवली. 'राघू येसू, मिरिच बेटी निधन.' पलूसच्या कोरणाऱ्याला नानांनी ती फोनवर सांगितली आणि एका पोराकडून लिहूनही पाठवली. आधी हीच ओळ कोरायला घे म्हणाले.

पलूस

सोमवारी पलूसला पोचायला आम्हाला उशीर झाला, कारण नाना गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती फिरून चारी चाकं तपासतात. रस्त्याकडेच्या छपरात शिळा आडवी ठेवली होती, काळी, आरशासारखी. कोरणारा तोंडाला फडकं बांधून बाजूला उभा. आमची ओळ झाली होती. मी वाकून वाचलं.

'राघू येसू, मिरज येथे निधन.'

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी त्याचा हातोडा उचलला होता, एवढं नानांनी नंतर सांगितलं. मी ओरडलो, "कुणी सांगितलं तुला हे?"

"कुनी न्हाई, आवं!" तो बिचारा दोन पावलं मागं सरला. "तुमीच चुकीचं लिवलं हुतं. मिरिच, बेटी. मला वाटलं, पोरानं घाईत लिवलं आसंल. लोकं काय बी लिवून देत्यात, म्यां शुद्ध करून घेतो. न्हाईतर देवाच्या दारात चूक ऱ्हाती. त्याचं येगळं काय घेत न्हाई म्यां."

हातोडा माझ्या हातात तसाच राहिला. इतकी वर्षं मी भावकीतला एक चेहरा शोधत होतो, ज्यानं पहिल्यांदा हे विष पसरवलं. त्याला काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आणि समोर हा उभा होता, दगडाच्या धुळीनं पांढरा, देवाच्या दारात चूक राहू नये म्हणून काळजी करणारा. भागूनं एखाद्या पाणवठ्यावर सांगितलं असेल, धनी मिरिचला गेले. आणि कुणीतरी मायेनंच म्हणालं असेल, मिरजेला गं, मिरजेला.

"दुसरी शिळा आण," मी म्हणालो, पण पहिल्याइतका आवाज निघाला नाही.

"शुक्रवारी शिळा हुबी करायचा मुहूर्त हाय," नाना म्हणाले. "आसली शिळा आठ दिवस मिळत न्हाई."

"मग पुसा."

"दगूड पुसतोय व्हय रं?"

"मुहूर्त पुढं ढकला."

"देवाला सांगू, जालंदरला राग आलाय म्हनून?"

धंद्यात मी कधी पहिला आकडा मान्य केला नाही. नानाही करणारे नव्हते. उन्हात, ट्रकांच्या आवाजात, आम्ही दोघं तासभर त्या एका ओळीवरून घासाघीस केली. मी मागितलं, ओळीवर पितळी पट्टी. ते म्हणाले, देवळात ठिगळ नको. ते म्हणाले, खाली छोटा खुलासा. मी म्हणालो, छोटा का, त्याच अक्षरात, त्याच खोलीचा. शेवटी ठरलं ते असं. कोरलेलं राहील. त्याच्या पुढं, त्याच ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात भर घालायची. शब्द मी सांगायचे, आणि ते कोरेपर्यंत मी तिथून हलणार नाही. हललो नाही. एकेक अक्षर पडताना पाहिलं. प्रत्येक वेळी कोरणारा माझ्याकडे बघून विचारत होता, "च? चमच्याचा च?"

शुक्रवारी शिळा उभी राहिली. वडिलांच्या नावानं नैवेद्याचं ताट मी आत नेलं. दारात नाना उभे होते. ते बाजूला झाले.

देऊळ पाहायला कुणी बोरखडीला गेलंच, तर तिसऱ्या रांगेत, उजवीकडे, आमचे पूर्वज सापडतील. सगळ्या शिळेवर नुसती नावं आहेत. आमच्याच ओळीत भांडण आहे: 'राघू येसू, मिरज येथे निधन. मिरज नव्हे, मिरिच बेट.'

परत निघताना विट्याच्या स्टँडवर गावातल्या एकानं लांबूनच हाक मारली, "ओ मिरजनव्हे! निगाला काय?"

आठवड्याभरात नाव बदललं होतं. जुनं गेलं, हे चिकटलं, आणि चिकटलं ते दगडात. मी मागं वळलो, तोंड उघडलं, आणि त्याला म्हणालो, "व्हय, निगालो. यात्रेला येतो."

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, त्या नावाला मी ओ दिली होती.